जमातीचा रकाना

माझ्या फाइलमध्ये 19 रकाने होते. वय, वजन, उंची, हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींचा आकार, गेल्या वर्षात ताप किती वेळा आला, सांधे दुखतात का. मामांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, स्क्रीनवरून बोट फिरवत नेलं आणि सातव्या रकान्यावर थांबले. त्यावर लिहिलं होतं, ‘जमात’.

“हा इथं कशाला?”

“त्यानं अंदाज सुधारतो, मामा. हा काढला की मशीन जास्त चुकतं. दोन्ही करून बघितलंय मी.”

मामांचं घर पळसदरी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. भातकापणी उरकत आली होती, अंगणात पेंढा पसरलेला. कर्जतहून आलेली लाइन इथं फुटते. एक फाटा केळवली, डोलवली करत खोपोलीला जातो. दुसरा जांबरुंग, ठाकूरवाडी करत बोरघाट चढतो. या दोन्ही फाट्यांच्या आजूबाजूच्या वाड्यांवर मामांनी 35 वर्षं डॉक्टरकी केली. मी पुण्यात डेटा ॲनालिसिस करते. आम्ही दोघं एकाच माणसाच्या मागे आहोत; त्यांनी तो समोर बसलेला पाहिला, मला तो एका ओळीत भेटतो.

ही फाइल सिकलसेलच्या तपासणीची. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत या आजाराचं निर्मूलन, एवढा मोठा तिचा पल्ला आहे. पहिली चाचणी स्वस्त असते, सोल्युबिलिटी टेस्ट. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढंच ती सांगते. माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, आणि ती यंत्रं गावोगाव नसतात. कुणाचा नमुना आधी पाठवायचा याची रांग लावून देणारा क्लासिफायर मी बनवत होते. क्लासिफायर म्हणजे निवडणारं गणित. जुनी उदाहरणं दाखवायची, त्यावरून ते नव्या माणसाला या नाहीतर त्या गटात घालतं.

“आणि तुझं गणित जमात बघून घालतं,” मामा म्हणाले.

“जमातही बघतं.”

“बरं. मग मला सांग, कातकरी हे नाव कशावरून पडलं?”

मला माहीत होतं. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी, काथोडी.

“म्हणजे धंद्याचं नाव. रक्ताचं नाही. आता ठाकरांचं बघ. म ठाकूर, क ठाकूर, ठाकर, ठाकूर, अशा सगळ्या नोंदी अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच ठिकाणी आहेत. आणि 1976 च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत ती नोंद ठरावीक तालुक्यांपुरतीच होती. तालुक्याच्या शिवेपलीकडं राहणारा सख्खा मेहुणा कागदावर ठाकर नव्हता. कायदा बदलला आणि तो झाला. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये त्या दिवशी काय बदललं?”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “पण नाव कशावरून पडलं याच्याशी मला कर्तव्यच नाही, मामा. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं कुणाशी झाली, याच्याशी आहे. नाव धंद्यावरून पडू दे नाहीतर कायद्यानं; त्या नावाच्या आत बेटीव्यवहार राहिला तर जनुकंही आतच फिरत राहतात. डॉ. खानोलकर आणि सांघवी यांनी मुंबईत सहा जातगटांची रक्तं तपासून 1949 च्या सुमाराला हेच दाखवलं. एकाच शहरात, शेजारी शेजारी राहणारे लोक, पण रक्तगटांचं प्रमाण गटागणिक वेगळं. आर्य वैश्य समाजात काही जणांना भूल देताना स्कोलीन दिलं तर ते लवकर उतरत नाही, श्वास सुरू व्हायला वेळ लागतो. ते औषध मोडणारं एन्झाइम त्यांच्यात कमी असतं. नांदेडच्या भूलतज्ज्ञानं आधी समाज विचारला तर तुम्ही त्याला नावं ठेवाल?”

“नाही ठेवणार. विचारावंच त्यानं.”

इथं मला वाटलं, मी जिंकले. म्हणून मी पुढचं गणितही मांडलं. वाचकांनीही ते एकदा कागदावर करून पाहावं, कारण सगळा वाद त्याच्यावर उभा आहे. समजा, एक चाचणी दोष असलेल्या 100 माणसांतली 95 पकडते आणि दोष नसलेल्या 100 पैकी 95 जणांना ‘नाही’ म्हणते. चांगली चाचणी म्हणायची. ती अशा 10,000 लोकांवर चालवली, ज्यांच्यात दोष शंभरात एकाला आहे. खरे 100; त्यातले 95 सापडतील. उरलेल्या 9,900 मधल्या 495 जणांनाही ती चुकून ‘हो’ म्हणेल. म्हणजे 590 ‘हो’, त्यातले खरे 95. सहातला एक. आता तीच चाचणी, तेवढेच लोक, पण दोष शंभरात 20 जणांना. खरे 2,000 पैकी 1,900 सापडतील, खोटे ‘हो’ 400. इथं 2,300 मधले 1,900 खरे. चाचणी बदलली नाही, सुई बदलली नाही. माणूस कुठल्या लोकसमूहातून आला यावर त्याच ‘हो’चा अर्थ बदलला.

“म्हणून मी तो रकाना फेकू शकत नाही,” मी म्हटलं. “फेकला तर मी मुद्दाम अडाणी होते.”

मामांनी आकडे पुन्हा तपासले. त्यांना ते पटले, आणि तसं ते म्हणालेही. मग बराच वेळ गप्प राहून एक गोष्ट सांगितली. ही मला त्यांनी याआधी कधीच सांगितली नव्हती.

“नऊ वर्षांचा मुलगा होता. बाप कारखान्यात कामाला लागला म्हणून कुटुंब नागपूरच्या बाजूनं इकडं आलेलं. हातपाय दुखायचे, मधूनच ताप, डोळे पिवळसर. मी सांध्याचा ताप धरला आणि दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू केलं. तीन वर्षं दिलं. प्रत्येक वेळी तो भिंतीला धरून चालत यायचा. सिकलसेल मला माहीत नव्हता असं नाही. पण आमच्या डोक्यात तो आजार आदिवासींचा. हा मुलगा आदिवासी नव्हता. मी आडनाव वाचलं आणि तो विचार तिथंच सोडून दिला. पुढं त्याला मुंबईला नेलं, तिथं रक्त तपासलं. सिकल. विदर्भात अनुसूचित जातींत, कुणबी-तेली समाजांतही तो आहे, हे छापून आलेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं.”

मी काही बोलले नाही.

“आता याची उलटी बाजू ऐक. वाडीवरची बाई, हिमोग्लोबिन सहा. सिकलसेलची मोहीम डोक्यात असलेला नवा डॉक्टर तिला बघतो आणि म्हणतो, सिकल असणार. रिपोर्ट यायला महिना. त्या महिन्यात तिला लोहाची गोळी कुणी देत नाही, जंताचं औषध देत नाही. तिला सिकल नव्हताच. पोटात पुरेसं अन्न नव्हतं. आदिवासी हा शब्द केसपेपरच्या डोक्यावर होता, म्हणून भूक कुणाला दिसली नाही.”

या दोन गोष्टी मी त्या दिवसापासून विसरू शकलेले नाही. माझ्या भाषेत मी त्यांना काय म्हणाले असते, तर एक सुटलेला रुग्ण आणि एक खोटा ‘हो’. मॉडेलच्या अहवालात दोन्ही एकेका आकड्यात मावतात.

तरी मी हटले नाही. “ही डॉक्टरची चूक झाली, रकान्याची नाही,” मी म्हटलं. “माझं मशीन जमातीबरोबर बाकीचे 18 रकानेही बघतं.”

“बघतं? नक्की? तुझी फाइल कुठनं आली?”

“तपासणी शिबिरांतून.”

“शिबिरं कुठं झाली?”

“आदिवासी भागात.”

“मग बिगरआदिवासी त्यात आले कोण?”

मी फाइल चाळली. फार थोडे होते, आणि त्यांतले बहुतेक आधीच दुखण्यानं बेजार होऊन आलेले. म्हणजे मशीनला निरोगी बिगरआदिवासी जवळजवळ दिसलेच नव्हते, आणि बिगरआदिवासी आडनावाचा, वरवर धडधाकट पण वाहक असलेला माणूस तर अजिबातच नाही. जिथं शोधलं तिथंच सापडलं होतं. जमातीच्या रकान्यानं माझा अंदाज सुधारला, त्यात रक्ताचा भाग किती आणि शिबिराचा मांडव कुठं घातला होता याचा भाग किती, हे त्या फाइलवरून वेगळं काढता येत नव्हतं. हे मला आधी दिसायला हवं होतं. आमच्या धंद्यातली ही पहिल्या वर्षाची शिकवण आहे.

दुपारी आम्ही तलावाच्या बाजूला गेलो. वाद थांबला नव्हता. मामांना तो इतिहासात न्यायचा होता.

“मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे 1927 मध्ये बर्लिनला गेल्या,” ते म्हणाले. “मार्गदर्शक ऑयगेन फिशर. त्याचा कयास असा की गोऱ्यांची कवटी दोन बाजूंना जास्त असमान असणार, आणि ते त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचं लक्षण. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशाचा आणि असमानतेचा संबंध काही लागला नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, स्वतःच्या गुरूच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी लिहिला. पुढं त्याच फिशरची संस्था नाझींच्या वंशधोरणाच्या कामी आली. रकाना आधी आणि माप नंतर, असं झालं की हे होतं.”

“पण परत आल्यावर त्याच इरावतीबाईंनी महाराष्ट्रभर लोकांची मापं घेतली, मामा. वि. म. दांडेकरांबरोबर 1951 ला पुस्तक काढलं. आणि रकान्यात जात होतीच की.”

“होती. पण त्यांनी जातीला प्रश्न विचारला, उत्तर नाही मानलं. 1968 चा त्यांचा आणि कैलाश मल्होत्रांचा लेख बघ. महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजाती, सगळ्या एकाच पायरीच्या. जीवशास्त्राच्या दृष्टीनं ती एक टोपली निघाली नाही. वरचं नाव एक, आत आठ गोष्टी.”

मला यावर बोलायचंच होतं, कारण माझं रोजचं हत्यार याच परंपरेतून आलं आहे. 1920 मध्ये नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथं प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी तरुण प्रशांतचंद्र महालनोबिसांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं अभ्यासायला दिली. दोन लोकसमूह एकमेकांपासून किती दूर, हे अनेक मापं एकत्र धरून कसं सांगायचं, या प्रश्नातून 1936 चं ‘महालनोबिस अंतर’ जन्मलं. आज बँकेतला फसवा व्यवहार शोधतानाही ते वापरतात. नागपूरच्या मांडवात सुरू झालेली ही गोष्ट जगभरच्या संगणकांत जाऊन बसली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

“आणि ते अंतर खरं आहे,” मी म्हटलं. “जनुकशास्त्रज्ञ लेवॉन्टिननं 1972 मध्ये 17 जनुकं घेऊन दाखवलं की माणसामाणसातल्या फरकाचा 85 टक्के भाग गटांच्या आतच असतो, गटागटांत फार थोडा. लोकांनी त्यावरून म्हटलं, गट खोटेच. एडवर्ड्सनं 2003 ला उत्तर दिलं. एकेक जनुक घेतलं तर गट दिसत नाही, पण पुष्कळ जनुकं एकत्र घेतली, ती एकमेकांबरोबर कशी येतात हे पाहिलं, तर माणूस कुठल्या गटातला हे जवळजवळ न चुकता सांगता येतं.”

मामा तलावाकडं बघत होते. “दोघंही खरं बोलतायत,” ते म्हणाले. “आता माझा दवाखाना आठव. तिथं माझ्यासमोर हजार जनुकं असतात का? माझ्यासमोर नाव असतं, आणि मला हवं असतं एक जनुक.”

मी तिथंच थबकले. एडवर्ड्सचा रस्ता माणसाच्या हजार खुणांकडून गटाकडं जातो, आणि तो पक्का आहे. दवाखान्यात आपण उलट्या दिशेनं चालतो, गटाच्या नावाकडून एका जनुकाकडं, आणि या दिशेला तो रस्ताच नाही. ज्या गटात शंभरात 20 वाहक आहेत, त्या गटातल्या समोरच्या माणसात ते जनुक नसण्याचीच शक्यता चौपट. मी कॉलेजात दोन्ही पेपर शिकले होते. दिशा उलटी आहे, हे मला पळसदरीच्या बांधावर एका एमबीबीएस डॉक्टरनं दाखवलं.

तरीही माझ्याकडं एक हुकमी उदाहरण शिल्लक होतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ते आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर यूडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. दोघांच्या फोटोसकट हे 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बाळं वजनाला इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण चरबी त्या मानानं राखून असलेली, हेही त्यांच्याच गटानं दाखवलं. आज आपल्याकडं 23 च्या पुढं बीएमआय गेला की डॉक्टर सावध करतात, 25 ची वाट पाहत नाहीत. “हा लोकसमूहाचा रकानाच आहे ना? आणि त्यानं लोकांचे प्राण वाचतायत.”

“वाचतायत. पण याज्ञिकांनी काय केलं ते नीट बघ,” मामा म्हणाले. “भारतीय म्हणून ते थांबले नाहीत. आत काय आहे ते मोजलं, चरबी. मग मागं गेले, बाळ जन्मतं कसं ते मोजलं. मग त्याच्याही मागं, आईनं गरोदरपणात काय खाल्लं ते. रकाना उघडून आत गेले. तू रकान्यावर टेकून बसलीयस.”

हे मला लागलं. थोडं अन्यायाचंही वाटलं, आणि अजून वाटतं. सात कोटींची तपासणी करायची तर कुठूनतरी सुरुवात करावीच लागते, आणि नाव हीच हाताशी असलेली पहिली खूण असते. मी तसं म्हटलं.

“मग रक्तपेढीसारखं कर.”

“म्हणजे?”

“रक्तपेढी काय करते? आधी गट बघते. ए, बी, एबी, ओ. हा झाला तुझा रकाना. त्यावरून बाटली निवडते, नाहीतर शंभर बाटल्या उघडून बघाव्या लागतील. पण गट जुळला म्हणून कुणी तशीच चढवत नाही. या माणसाचं रक्त आणि ही बाटली, असं समोरासमोर क्रॉसमॅच करतात. ते जुळलं तरच सुई लागते. आणि हे किती गरजेचं आहे, ते डॉ. भेंड्यांच्या शोधावरून कळतं.”

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत एक नवा रक्तगट शोधला. काही जणांचं रक्त तपासणीत ‘ओ’सारखं दिसायचं, पण ‘ओ’ची कुठलीही बाटली जुळेना. ओ गटाच्या पेशीवर जो एच नावाचा पाया असतो, तोच या लोकांत नव्हता. त्यामुळं त्यांचं रक्त ओ रक्तालाही परकं मानायचं. जगानं त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हटलं. भारतात दहा हजारांत एखाद्यात तो आढळतो असा अंदाज आहे. चुकीची बाटली चढली तर जीव जाऊ शकतो.

“ओ हा रकाना चुकीचा नव्हता,” मामा म्हणाले. “बहुतेक वेळा तो पुरतो. दहा हजारांतल्या त्या एका माणसाला क्रॉसमॅच वाचवतं. जमात विचार. शिबिर कुठं लावायचं ते तीवर ठरव. पण हा माणूस आजारी की नाही, त्याचा नमुना पुढं जायचा की नाही, हे ठरवताना त्याच्या रक्ताकडं बघ.”

पूर्ण सहमती झाली असं मी म्हणणार नाही. मामांना पुढं वाटायला लागलं की रकाना काढूनच टाकावा, म्हणजे कुणाला मोह नको. त्यांनी 24 मार्च 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा ठाकूर जमातीबद्दलचा निकालही सांगितला. चालीरीती, कुलदैवत, बोली विचारून जमात ठरवणारी ॲफिनिटी टेस्ट ही अंतिम कसोटी मानता येणार नाही, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठानं म्हटलं आहे. “कागदपत्रं असलेल्या माणसाची जमातसुद्धा खुणांवरून ठरवू नये म्हणतात, आणि तू जमातीवरून त्याचं रक्त ठरवतेस,” असं त्यांचं म्हणणं. इथं मात्र मी ठाम राहिले. रकाना पुसला तर कातकरवाडीवर तपासणी पोहोचलीच नाही, हे कुणाला कधी कळणारच नाही. कोण सुटलं ते मोजायला तरी तो हवा. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदल्या आहेत. त्यांच्यापर्यंत काय गेलं आणि काय नाही, हे नाव लिहिल्याशिवाय दाखवता येत नाही. मामांनी मान हलवली. हे त्यांना मान्य होतं.

पुण्याला परतल्यावर मी फाइल दोन भागांत तोडली. कुठल्या वाडीवर आधी जायचं आणि कोण सुटलं, हे सांगणाऱ्या भागात जमात ठेवली. माणसाचा नमुना पुढं पाठवायचा की नाही हे ठरवणाऱ्या भागातून काढली, आणि तिथं तीन नवे रकाने घातले: आईवडिलांची गावं, घरात कुणाला सिकलसेल निघाला आहे का, आणि लहानपणापासून हाडं दुखण्याचा त्रास आहे का. मॉडेलचा गुण थोडा उतरला. तो उतरलेला गुणच मी अहवालात लिहिला, कारण आधीचा वरचा गुण शिबिराच्या मांडवानं दिलेला होता. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर एक शिफारस घातली: खोपोली-कर्जतच्या कारखान्यांत, वीटभट्ट्यांवर बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी वेगळी तपासणी घ्यावी, आडनाव न बघता.

वाचकांना एक विनंती. आईवडील दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक माणूस बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. तुमची जात-जमात कुठलीही असो, मूळ गाव कुठलंही असो, लग्न ठरवण्याआधी दोघांचं रक्त एकदा तपासून घ्या.